हायलँडर नावाची शाळा: शिबिरांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

दक्षिण रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या वाड्यांत आम्ही कार्यकर्त्यांची शिबिरं घेतो. दुसऱ्या रात्री जेवणं आटोपली की अमेरिकेतल्या हायलँडर शाळेची गोष्ट सांगायची, अशी आता पद्धतच पडली आहे. मग पुढचे आठ-पंधरा दिवस फोनवर प्रश्न येत राहतात, आणि ते बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो. प्रश्नांची भाषा विचारणाऱ्यांचीच आहे.

१. ही शाळा म्हणजे नक्की काय? दहावी-बारावीची शाळा होती का?

नाही. तिथे हजेरी, परीक्षा, प्रमाणपत्र असलं काही नव्हतं. मोठ्या माणसांनी चार-आठ दिवस, कधी दोन आठवडे एकत्र राहायचं, आपल्या गावातला किंवा कारखान्यातला प्रश्न मांडायचा आणि परत जाऊन काय करायचं ते ठरवून निघायचं, इतकीच तिची रीत. टेनेसी राज्यात मॉन्टईगलजवळच्या डोंगराळ भागात १९३२ च्या नोव्हेंबरात ती सुरू झाली. मायल्स हॉर्टन आणि डॉन वेस्ट हे दोन तरुण तिचे संस्थापक. लिलियन जॉन्सन नावाच्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी आपलं घर शाळेला वापरायला दिलं. खाणी आणि जंगलतोड यांवर जगणारा तो तालुका तेव्हा देशातल्या अतिगरीब भागांपैकी होता. पहिली वीसेक वर्षं तिथे मुख्यतः कामगार संघटनांचे कार्यकर्ते येत. १९५० च्या दशकात वर्णभेदाविरुद्ध लढणारे येऊ लागले.

२. हायलँडर हे नाव कशावरून?

त्या डोंगरपट्ट्यातल्या माणसांना हायलँडर म्हणत, म्हणजे पहाडी लोक. आपण ‘घाटावरचे’ म्हणतो, तसलाच प्रकार.

३. हॉर्टनला हे सुचलं कुठून?

१९२७ च्या उन्हाळ्यात कॉलेजात शिकणारा हॉर्टन ओझोन नावाच्या खेड्यात मुलांसाठी बायबलचे वर्ग घ्यायला गेला होता. (तेच महाडच्या सत्याग्रहाचं वर्ष. या योगायोगातून काहीच सिद्ध होत नाही, पण शिबिरात सांगितलं की लोकांच्या ते डोक्यात राहतं.) त्याने मुलांच्या आईवडिलांनाही संध्याकाळी बोलावलं. ते आले आणि विहिरीच्या पाण्याचं, शेतीचं, कामधंद्याचं विचारू लागले. पोराला यातलं काही येत नव्हतं. त्याने ते सरळ कबूल केलं. मग एकमेकांचे अनुभव काढत, माहितगार माणसाला बोलावून आणत लोकांनीच वाट शोधली, आणि बैठकीला येणारी माणसं वाढत गेली.

पुढे तो डेन्मार्कला गेला. ग्रुंटविग या धर्मोपदेशकाच्या विचारातून तिथे शेतकऱ्यांसाठी लोकशाळा निघाल्या होत्या. एकत्र राहणं, गाणं, गप्पा, परीक्षा नाही, हे त्याने तिथून उचललं. पण मूळ धडा ओझोनचाच. त्याला उत्तरं येत नव्हती हेच बरं झालं, असं मला कायम वाटत आलं आहे.

४. मग तिथे शिकवायचे काय? वेळापत्रक तरी असेल ना?

वेळापत्रकापेक्षा क्रम असायचा. आधी प्रत्येकाने आपल्या ठिकाणी काय चाललंय ते सांगायचं. मग कुणी काय करून पाहिलं, कुठे फसलं. शेवटच्या दिवशी सगळ्यांना एकच प्रश्न: घरी गेल्यावर काय करणार?

याचं महत्त्व मला माझ्याच फजितीतून कळलं. काही वर्षांपूर्वी जूनअखेरीस एका शाळेच्या पडवीत मी कूळकायद्यावर दीड तास बोललो. पत्र्यावर पाऊस धो धो. समोर तीसेक माणसं, सगळी माना डोलावतायत. मला वाटलं, काय रंगलंय व्याख्यान! चहाला उठलो तर एक म्हातारी जवळ आली. कमरेच्या पिशवीतून चार घड्या घातलेला, दुमडीवर फाटायला आलेला कागद काढला आणि म्हणाली, ‘‘भाऊ, तू बोललास ता बरा. पण ह्यात माझा नाव हाय का ता सांग.’’ फेरफाराचा उतारा होता, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याची नोंद. नाव नव्हतं. दीर आणि पुतणे होते. तिच्या शेजारी बसलेल्या दोघींच्या घरीही तसाच कागद निघाला. माझ्या दीड तासात तो कागद पिशवीतून बाहेर यायला कुठे जागाच नव्हती. दुपारनंतरचं शिबिर त्या तीन कागदांवर चाललं. तेवढाच भाग लोकांना अजून आठवतो.

५. म्हणजे कार्यकर्त्याने उत्तर द्यायचंच नाही? लोक चिडत नाहीत?

चिडतात. हॉर्टन स्वतः एक प्रसंग सांगायचा. संपात अडकलेल्या एका पुढाऱ्याने ‘आता काय करू ते सांग’ म्हणून त्याला गळ घातली. हॉर्टन तयार होईना, तेव्हा त्या माणसाने पिस्तूल काढलं. तरीही त्याने सांगितलं नाही. आज मी ठरवून दिलं तर उद्याही तू मलाच विचारायला येशील, असं त्याचं म्हणणं.

हे ऐकून आपल्याकडचे काही उत्साही कार्यकर्ते नको तिथे गप्प बसायला लागतात. तो मूर्खपणा आहे. माहिती आणि निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपिलाची मुदत कधी संपते, अर्ज तलाठ्याकडे द्यायचा की तहसीलदाराकडे, हे माहीत असूनही न सांगणारा माणूस हॉर्टनचा शिष्य ठरत नाही. अपील करायचं की भावकीत बसून मिटवायचं, हे मात्र त्यांचं त्यांनी ठरवायचं.

६. रोझा पार्क्स बसमध्ये दमली होती म्हणून उठली नाही, असं पुस्तकात वाचलंय. तिचा या शाळेशी काय संबंध?

दमलेल्या शिंपिणीची गोष्ट गोड आहे, पण अर्धवट आहे. रोझा पार्क्स १९४३ पासून मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या चिटणीस होत्या. १९५५ च्या उन्हाळ्यात त्या दोन आठवडे हायलँडरला राहून आल्या. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल आदल्या वर्षी लागला होता. तो प्रत्यक्षात कसा आणायचा, यावर ते शिबिर होतं. सकाळी जाग आली की कॉफीचा आणि तव्यावरच्या मांसाचा वास यायचा, आणि आज न्याहारी आपण करत नसून गोरी माणसं आपल्यासाठी करतायत हे लक्षात यायचं, ही आठवण त्यांनी पुढे आवर्जून सांगितली.

शेवटच्या दिवशी नेहमीचा प्रश्न आला (उत्तर ४ पाहा). आमच्या गावात काही घडेल असं वाटत नाही, मी तरुण मुलांबरोबर काम करत राहीन, असं त्या म्हणाल्या. चारेक महिन्यांनी, १ डिसेंबर १९५५ ला, त्यांनी जागा सोडायला नकार दिला आणि ३८१ दिवसांचा बस बहिष्कार उभा राहिला. शाळेने त्यांना ‘तू बसमध्ये बसून राहा’ असं सांगितलेलं नव्हतं. बहिष्काराची तयारीही मॉन्टगोमेरीतल्या बायकांच्या संघटनेने आधीपासून चालवली होती. त्यामुळे सगळं श्रेय शाळेच्या पदरात टाकू नका.

७. महाडशी याची तुलना ओढूनताणून केलेली नाही का?

घटना म्हणून दोन्ही वेगळ्या आहेत, त्यांची तुलना करू नये. तयारीची तुलना मात्र जरूर करावी. चवदार तळं म्हटलं की २० मार्च १९२७ ची ओंजळ डोळ्यांपुढे येते. पण अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा मुंबई विधिमंडळातला बोले ठराव १९२३ चा आणि महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. दोन्ही कागदावरच पडून होते. परिषद भरवायची म्हणून रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांचे सोबती गावोगाव फिरले. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखे स्थानिक सहकारी सोबत उभे राहिले. परिषदेला जमलेल्या माणसांसाठी पाणी विकत घ्यावं लागलं, चाळीस रुपयांचं, आणि तेही तळ्याच्या गावात! तळ्याकडे निघालेल्या मिरवणुकीतल्या प्रत्येकाला हा हिशेब कळत होता. त्या दोन दिवसांत मांडवात जे झालं त्याला मी प्रशिक्षणच म्हणतो. तळ्यावरच्या हक्काचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात लागायला १९३७ साल उजाडलं.

८. ‘नागरिकत्व शाळा’ हा काय प्रकार? तुम्ही त्यावर नेहमी जास्त वेळ का घालवता?

कारण हायलँडरच्या हातून झालेलं सगळ्यात मोठं काम तेच, आणि त्याची सुरुवात आपल्या वडापसारख्या गाडीत झाली.

साउथ कॅरोलिना राज्याच्या किनाऱ्यालगत जॉन्स नावाचं बेट आहे. तिथला इसॉ जेंकिन्स माणसांना आपल्या बसमधून चार्ल्सटन शहरात कामाला नेई-आणी. मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे. ही अट कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवण्यासाठीच होती. एक प्रवासी बाई जेंकिन्सला म्हणाली, मला वाचायला शिकव, मी नाव नोंदवीन आणि मत देईन. तो जाता-येता बसमध्येच शिकवू लागला. पण बसमध्ये शिकून किती जण शिकणार? तो हायलँडरच्या शिबिरात गेला आणि त्याने हीच अडचण मांडली.

त्याला तिथे नेणाऱ्या होत्या सेप्टिमा क्लार्क. चाळीसेक वर्षं शिक्षिका. हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं सभासदत्व सोडायला नकार दिला म्हणून १९५६ मध्ये त्यांची नोकरी गेली, तेव्हा हायलँडरने त्यांना कामावर घेतलं. बेटावर एक इमारत विकत घेऊन पुढच्या बाजूला किराणा दुकान थाटलं, मागच्या खोलीत वर्ग. रस्त्यावरून जाणाऱ्या गोऱ्याला वाटावं, दुकान आहे. शिकवायला मुद्दाम पेशाने शिक्षक नसलेलं माणूस घेतलं: क्लार्क यांच्या नात्यातल्या बर्नीस रॉबिन्सन. त्या केस सेट करायच्या, कपडे शिवायच्या. जानेवारी १९५७ मध्ये पहिल्या दिवशी त्यांनी वर्गाला सांगितलं की मी काही मास्तरीण नाही, आपण बरोबरच शिकू. मग विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? सही करणं, मुलाचं पत्र वाचणं, दुकानाच्या कॅटलॉगमधून वस्तू मागवायचा फॉर्म भरणं, आणि अर्थातच मतदार नोंदणी. पाठ्यपुस्तक ठरलं ते असं. भिंतीवर त्यांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला. वर्ग संपेपर्यंत प्रत्येकाला तो वाचता यावा, ही त्यांची इच्छा.

वर्ग थंडीतच, शेतीची कामं नसताना, आठवड्यातून दोन रात्री. आपल्याकडे भात घरात आल्यापासून आंब्याची धावपळ सुरू होईपर्यंतचा काळ म्हणा. लावणीत शिबिर लावून मग ‘लोक येत नाहीत’ म्हणून रडणाऱ्या आपल्या संस्थांनी हे जरूर पाहावं.

काम शेजारच्या बेटांवर पसरलं, मग इतर राज्यांत. १९६१ मध्ये हायलँडरने अख्खा कार्यक्रम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे सोपवला. क्लार्कही तिकडे गेल्या. आपलं यशस्वी झालेलं काम दुसऱ्याच्या हाती देणारी संस्था मी आमच्या भागात तरी पाहिलेली नाही.

९. ‘हम होंगे कामयाब’ याच शाळेत जन्मलं ना?

जन्मलं नाही, तिथून पसरलं. मूळ चाल-शब्द कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गाण्यांतले. १९४५-४६ च्या संपात चार्ल्सटनच्या तंबाखू कामगार बायका ते गात होत्या. त्यांच्यातल्या काही जणी हायलँडरला आल्या तेव्हा हॉर्टनची पत्नी झिल्फिया हिने ते ऐकलं आणि येणाऱ्या प्रत्येक गटाला शिकवलं. लोकगायक पीट सीगरने ते तिच्याकडून घेतलं, आणि १९६० पासून गाय कॅरावान या गायकाने विद्यार्थी चळवळीत नेलं. आपण शाळेत म्हणतो ते हिंदी रूप गिरिजाकुमार माथुर यांचं.

‘नहीं डर किसी का आज’ या ओळीमागची गोष्ट मात्र खरोखर त्या शाळेतली. १९५९ च्या पोलीस छाप्यात (उत्तर ११) दिवे बंद केलेले होते. अंधारात बसलेली पोरं गाऊ लागली, आणि ‘आम्ही भीत नाही’ हे कडवं तिथेच जोडलं गेलं, असं तेव्हा हजर असलेल्या एका मुलीने पुढे सांगितलं.

१०. ती कम्युनिस्टांची शाळा होती असं ऐकतो. खरं काय?

आरोप जुना आहे. १९५७ मध्ये शाळेच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाला किंग आले होते. तिथे काढलेला त्यांचा फोटो ‘कम्युनिस्ट प्रशिक्षण शाळेत किंग’ अशा मजकुरासह दक्षिणेतल्या रस्त्यांवर मोठ्या फलकांवर झळकला. शाळा कुठल्याही पक्षाची नव्हती. पण कम्युनिस्टांना दारही बंद नव्हतं, आणि त्यापायी मोठ्या कामगार महासंघाशी तिचं बिनसलंही. हॉर्टन भांडवलशाहीचा विरोधक होता आणि ते लपवत नव्हता.

खरा राग वेगळ्या गोष्टीचा होता. गोरे आणि काळे एका टेबलावर जेवत होते, एका तळ्यात पोहत होते. ज्यांना सहभोजन म्हणजे काय हे आजीकडून ऐकून माहीत आहे, त्यांना जास्त समजवायला नको.

११. बिअर विकली म्हणून शाळा बंद झाली, हे खरं की थट्टा?

खरं आहे. ३१ जुलै १९५९ ला छापा पडला. हॉर्टन परदेशात होता, शाळा क्लार्क बघत होत्या. आयुष्यात दारूला न शिवलेल्या त्या बाईंना दारू बाळगल्याच्या आरोपावरून पकडून नेलं! खटल्यात तीन ठपके आले: वर्णभेदाचा कायदा मोडला, विनापरवाना बिअर विकली, हॉर्टनने संस्थेतून खाजगी लाभ घेतला. बिअरचं प्रकरण एवढंच की बाहेरच्या गुत्त्यात काळे-गोरे एकत्र बसू शकत नसत, म्हणून शाळेत बाटल्या ठेवलेल्या असत आणि घेणारा पैसे टाकत असे. वरच्या कोर्टाने वर्णभेदाचा मुद्दा बाजूला ठेवून उरलेल्यांवर मान्यता रद्द करणं कायम केलं. १९६१ अखेर जमीन, इमारती, सामान यांचा लिलाव झाला. भरपाई शून्य.

आपल्या संस्थांसाठी यात कोरडा धडा आहे. मारणारा तत्त्वावरून मारत नाही, पावतीपुस्तकावरून मारतो. ऑडिट वेळेत करा, धर्मादाय आयुक्तांकडचा बदल अर्ज पडून राहू देऊ नका.

१२. म्हणजे शाळा संपली?

शाळा म्हणजे इमारत नव्हे, विचाराला कुलूप लावता येत नाही, अशा अर्थाचं हॉर्टन तेव्हाच बोलला होता. नव्या नावाची सनद आधीच काढून ठेवलेली. काही वर्षं नॉक्सव्हिल शहरात, मग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून न्यू मार्केटजवळच्या टेकडीवर. हॉर्टन १९९० मध्ये वारला. २९ मार्च २०१९ ला मुख्य कार्यालय जळून खाक झालं. शेजारी गोऱ्या वर्चस्ववाद्यांचं चिन्ह रंगवलेलं सापडलं. काम चालू आहे.

१३. कोकणात अशी शाळा कधी होती का?

हुबेहूब तशी नाही, पण तिचे तुकडे सगळीकडे सापडतात. पनवेलजवळ तारा गावी युसूफ मेहेरअली सेंटर, माणगावजवळ वडघरला साने गुरुजी स्मारक, कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांचं गोपुरी. राष्ट्र सेवा दलाची शिबिरं तर अनेकांच्या घरात आजोबांपासून आहेत.

मला विचाराल तर सगळ्यात जवळ जातो तो अलिबागजवळचा चरीचा संप. २७ ऑक्टोबर १९३३ ला नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने पंचवीस गावांतल्या कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचं ठरवलं, आणि ते १९३९ पर्यंत टिकवलं. सहा वर्षं! जंगलातला लाकूडफाटा विकून, कंदमुळांवर. कुणी कच खाऊ नये म्हणून गावागावात बैठका बसत. त्या बैठकांना कुणी शाळा म्हटलं नाही एवढंच. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, त्यामागे हे बळ होतं.

१४. सगळ्या जातींना एकत्र बसवलं की दलित-आदिवासी बायका बोलतच नाहीत. हायलँडरची पद्धत इथे फसते का?

हो, नुसती गोल करून बसवलं तर फसते. हायलँडरची खरी शिकवण वर्गाबाहेर घडत होती, स्वयंपाकघरात, भांडी घासताना, एका खोलीत झोपताना (पार्क्सबाईंची आठवण बघा, उत्तर ६). आपल्या शिबिरात मात्र जेवण ‘आपल्यातल्याच’ एका घरून येतं आणि ताटं उचलायला नेहमीच्याच बायका असतात. भाकऱ्या कोण भाजतंय आणि कुणाच्या हंड्यातलं पाणी सगळे पितायत, हे पहिल्या सकाळी जमवा. दुसरं म्हणजे, वेगळी बैठक घेण्यात कमीपणा मानू नका. आमच्या एका कातकरी वाडीत बायकांशी आधी दोनदा स्वतंत्र बसलो. तिसऱ्या वेळी गावकीसमोर त्यांच्यातली सर्वांत लहान मुलगी उभी राहिली, आणि बोलली ती रोजगार हमीचं जॉबकार्ड घेऊन, भाषण घेऊन नव्हे.

१५. आम्हाला आमच्या गावात काहीतरी सुरू करायचंय. हायलँडरचं नेमकं काय उचलावं?

गाणी नंतर. आधी जमीन. १९७८ ते १९८१ या काळात हायलँडरच्या मदतीने ॲपलाचिया या डोंगरपट्ट्यातल्या साध्या रहिवाशांनी सहा राज्यांतल्या ऐंशी काउंट्यांमध्ये (आपल्या तालुक्यांसारखे भाग) कचेऱ्यांत बसून जमिनीची दफ्तरं वाचली. जमीन आणि खनिजं कुणाच्या नावावर, कर किती भरतात. प्रचंड जमीन बाहेरच्या कंपन्यांकडे आणि कर नाममात्र, हे त्यातून उघडं पडलं. अहवालापेक्षा मोलाची गोष्ट ही की ज्यांनी दफ्तर वाचलं ती माणसं पुन्हा कचेरीला घाबरली नाहीत.

कोकणात याची सुरुवात घरात होते. एका वाडीचे सगळे सातबारे आणि आठ-अ ऑनलाइन काढा, मोठ्या कागदावर वाडीचा नकाशा रेखाटा आणि प्रत्येक तुकड्यावर नावं लिहा. एका उताऱ्यावर चाळीस नावं निघतील, त्यातली निम्मी बोरिवली-डोंबिवलीत, काही मयत. मुलींची नावं कुठे गळली तेही दिसेल, आणि गेल्या दहा वर्षांत कुणी न पाहिलेला माणूस सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, किती एकर घेऊन बसलाय तेही. फेरफार मागे मागे वाचत जा. अक्षर लागत नसेल तर गावातले निवृत्त ग्रामसेवक किंवा पोस्टमास्तर शोधा, त्यांना ते लीलया येतं.

चाकरमानी गणपतीला येतात आणि सह्या तेव्हाच मिळतात. त्यामुळे नकाशा श्रावण संपायच्या आत तयार हवा.